डिप्लोमा झाला, आता पुढं कुठं?

प्रश्न : मॅडम, मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातली आहे. यवतमाळला इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करते, शेवटचं सेमिस्टर सुरू आहे. आतापर्यंत ८१ टक्के आहेत. बाबांची साडेचार एकर जमीन, पऱ्हाटी अन् तूर. विहीर आहे, पण उन्हाळ्यात आटते. मला इंजिनिअरिंगच्या डायरेक्ट सेकंड इयरला जायचं आहे. पण आमच्या गावचा एक दादा असाच गेला, गणितात दोनदा अडकला अन् आता घरी बसला आहे. तो म्हणतो, तिथं डिप्लोमावाल्यांना कोणी विचारत नाही. बाबा म्हणतात, पुण्याला कंपनीत लाग, महिन्याच्या महिन्याला पगार तरी येईल. मध्ये एक एजंट घरी येऊन गेला. आत्ताच पैसे भरा, सीट पक्की करून देतो, म्हणाला. आम्ही ओबीसीत येतो. मी काय करू?
— एक विद्यार्थिनी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : बेटा, जा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सगळं वाचेपर्यंत तुझा जीव टांगणीला लागायला नको. पण तुमच्या गावच्या दादाचं जे झालं ते त्याचं नशीब म्हणून सोडून देऊ नकोस. तो कुठं अडकला हे मला तुझं पत्र वाचताच कळलं, कारण मी तंत्रनिकेतनात २९ वर्षं गणितच शिकवलं. अन् ती जागा तुझ्याही वाटेत आहे.

तुमचं गणित पहिल्या वर्षातच आटोपतं. पुढची दोन वर्षं तुम्ही मशीन, मेजरमेंट, स्विचगिअर यांत असता. बारावी सायन्स करून आलेल्या पोरांचं मात्र अकरावी-बारावीचं गणित झालेलं असतं, वर इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचं एम-वन अन् एम-टूही झालेलं असतं. तू थेट तिसऱ्या सेमिस्टरला जाऊन बसशील तेव्हा फळ्यावर एम-थ्री सुरू असेल. सर धरूनच चालतात की मागचं सगळ्यांना येतं. ज्यांना येत नाही ते मागच्या बाकावर जाऊन गप्प बसतात. तुमचा दादा तिथंच बसत असणार.

आता नेमकं काय राहून गेलं आहे ते बघू. इलेक्ट्रिकलवाल्यांना एम-थ्रीत हमखास भेटतो तो लाप्लास ट्रान्सफॉर्म, म्हणजे डिफरन्शियल इक्वेशनचं साध्या बीजगणितात रूपांतर करून ते सोडवायची रीत. त्यात दोनच हत्यारं लागतात. जाताना इंटिग्रेशन बाय पार्ट्स अन् परत येताना पार्शल फ्रॅक्शन. ही दोन्ही तू डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी केलेली आहेस. दोन वर्षांत हात सुटला, एवढंच. म्हणजे हे नवं शिकायचं नाही, जुनं घासूनपुसून घ्यायचं आहे. नवं असतं ते वेगळं. पार्शल डेरिव्हेटिव्ह, म्हणजे दोन चल असताना एकाला स्थिर धरून दुसऱ्याचा डेरिव्हेटिव्ह काढणं, हे डिप्लोमात येत नाही. दुहेरी इंटिग्रेशन येत नाही. मॅट्रिक्सची बेरीज-गुणाकार अन् इन्व्हर्स तुला येत असेल, पण रँक अन् आयगन व्हॅल्यू नाही. डिफरन्शियल इक्वेशन पहिल्या ऑर्डरपर्यंत झालेलं असतं, दुसऱ्या ऑर्डरचं राहिलेलं असतं. अन् सर्किटमध्ये इंडक्टर नि कपॅसिटर दोन्ही आले की नेमकं दुसऱ्या ऑर्डरचंच लागतं. तुझ्या वाटेतला खड्डा एवढाच आहे. माहीत नसलं तर पाय मोडतो, माहीत असलं तर दोन महिन्यांत बुजवता येतो.

अन् दोन महिने तुला मिळतात. मे महिन्यात परीक्षा संपते, प्रवेशाच्या फेऱ्या पुरत्या व्हायला ऑगस्ट उजाडतो, कधी त्याहून पुढंही जातं. त्या काळात हे कर. पहिले तीन आठवडे स्वतःचंच पहिल्या वर्षाचं पुस्तक काढ, डेरिव्हेटिव्ह अन् इंटिग्रेशन एवढे दोनच भाग, रोज आठ गणितं. नुसती वाचायची नाहीत, वहीत पूर्ण सोडवायची. सकाळी, बाया निंदायला निघायच्या आधी बसलीस तर उत्तम. मग एम-वनचं कोणतंही जुनं पुस्तक एखाद्या सीनिअरकडून माग अन् पार्शल डेरिव्हेटिव्ह घे. त्यानंतर मॅट्रिक्स, मग डिफरन्शियल इक्वेशन अन् लाप्लास शेवटी. जूनमध्ये पेरणीचे आठ-दहा दिवस काही होणार नाही, ते जाऊ दे. घरी काम असताना पोरीनं पुस्तक घेऊन बसावं असं मी सांगणार नाही. पण पेरणी आटोपली की त्याच दिवशी वही उघड. मोबाइलवर एनपीटीएलचे, म्हणजे आयआयटीच्या प्राध्यापकांचे, गणिताचे तास फुकट आहेत. इंग्रजी आहे, सुरुवातीला जड जाईल. कळलं नाही तिथं थांबवून मागं ने. वर्गातल्या सरांना काही मागं नेता येत नाही.

प्रवेश झाला अन् कॉलेजात गेलीस की दिसेल, वर्ग कधीचे सुरू झालेले. एखादी चाचणीही उरकलेली असेल. पोरांचे घोळके ठरलेले, हॉस्टेलच्या खोल्या वाटून झालेल्या, लॅबच्या बॅचेस पडलेल्या. उशिरा येणं हा डायरेक्टवाल्यांचा दोष नाही, प्रवेशाचं वेळापत्रकच तसं असतं. पण त्रास त्यांनाच होतो. पहिल्याच दिवशी गणिताच्या सरांना किंवा मॅडमना गाठ अन् विचार, डिप्लोमावाल्यांसाठी ब्रिज कोर्स आहे का? वेगवेगळ्या पार्श्वभूमीतून येणाऱ्या मुलांसाठी विद्यापीठांनी गणित, भौतिकशास्त्र, ड्रॉइंग असे ब्रिज कोर्स द्यावेत, असं एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या, पात्रतेच्या नियमांतच लिहिलेलं आहे. म्हणजे तू उपकार मागत नाहीस. कोर्स नसला तर तुमच्यासारखे पाच-सहा जण मिळून अर्ज द्या. शनिवारचे दोन तास द्यायला बहुतेक शिक्षक तयार असतात. कोणी मागायलाच येत नाही, ही माझी शिक्षक म्हणून तक्रार आहे.

माझंच सांगते. मी दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यातली. तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी. केली अन् १९८५ साली अमरावतीला एम.एस्सी.ला आले. अमरावती विद्यापीठ तेव्हा दोनच वर्षांचं होतं. आमच्या कॉलेजात रिअल ॲनालिसिसचे शेवटचे दोन घटक झालेच नव्हते, शिकवणारे सर मध्येच सोडून गेले होते. इथं पहिल्या तासाला तेच सगळ्यांना येतं असं धरलेलं. दिवाळीपर्यंत मी वर्गात एक प्रश्न विचारला नाही. विचारला तर कळेल ना, की हिला काही येत नाही! शेवटी खोलीतल्या पुसदच्या मुलीनं एक दिवस माझी वही उघडून पाहिली. काही बोलली नाही. पलंगाखालची माझी पत्र्याची पेटी ओढली, भिंतीला उभी केली अन् तिच्यावर खडूनं लिहायला लागली. पुढचे पंधरा दिवस रात्री जेवण झालं की ती पेटी आमचा फळा. जे मला जुलैपासून कळत नव्हतं ते त्या पंधरा दिवसांत कळलं. ती पेटी माझ्याकडे अजून आहे. अन् जुलै ते दिवाळी मी गप्प का बसले, याची हळहळही अजून आहे. तू गप्प बसू नकोस.

डिप्लोमावाल्यांना कोणी विचारत नाही, हे दादाचं म्हणणं मला मान्य नाही. महिनाभर थांब अन् लॅबमध्ये बघ. बारावीतून आलेल्या किती तरी मुलांनी मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं यंत्र, हातात धरलेला नसतो. तुझ्या घरी विहिरीवर मोटर असेल. एक फेज गेला की ती कशी गुरगुरते, तापते अन् वाइंडिंग जळतं, हे तू पुस्तकात वाचायच्या आधी डोळ्यांनी पाहिलेलं असणार. कंडेन्सर लावून दोन फेजवर मोटर चालवायची अन् मग तिच्या रिवाइंडिंगला पैसे मोजायचे, हे आपल्याकडं घरोघरचं आहे. थ्री-फेज मशीन शिकवताना वर्गात हा प्रश्न तूच काढ. गणितात तुला मदत लागेल, प्रॅक्टिकलला त्यांना तुझी लागेल. माझे जे विद्यार्थी टिकले, ते अशाच देवाणघेवाणीवर टिकले.

आता एजंट. त्याला एक रुपयासुद्धा देऊ नका. डायरेक्ट सेकंड इयरला सीईटी लागत नाही, डिप्लोमाच्या गुणांवर यादी लागते. राज्याचा सीईटी सेल ऑनलाइन फेऱ्या घेतो, त्या प्रक्रियेला कॅप म्हणतात. पात्रतेला खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के अन् राखीव प्रवर्गाला ४० टक्के लागतात, तुझे ८१ आहेत. ‘पक्की सीट’ म्हणून एजंट जे विकतो ते बहुतेक वेळा मॅनेजमेंट कोट्यातलं असतं. त्यात तुझं दुहेरी नुकसान आहे. ८ जुलै २०२४च्या शासन निर्णयानं व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या ओबीसी, एसईबीसी अन् ईडब्ल्यूएस प्रवर्गांतल्या मुलींना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, शिक्षण शुल्क अन् परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण ही माफी कॅपमधून घेतलेल्या प्रवेशाला आहे. मॅनेजमेंट कोट्याला नाही, अभिमत अन् खासगी विद्यापीठांनाही नाही. म्हणजे एजंटला पैसे द्यायचे अन् वर जी फी माफ झाली असती तीही भरायची. हा परिच्छेद बाबांना वाचून दाखव. राहण्या-खाण्याचा खर्च मात्र माफीत येत नाही, तो धरून चाला. अल्पभूधारकांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे, तिचा अर्ज महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरच भरायचा असतो. आपल्या पापळच्या भाऊसाहेबांच्या नावाची योजना आहे, अन् आपल्याच खेड्यांतली पोरं अर्ज न केल्यामुळं राहतात, याचं मला फार वाईट वाटतं.

कॉलेजांची पसंती भरताना एक लक्षात ठेव. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली तर ती आपोआप पक्की होते, मग चांगलं मिळेल म्हणून पुढं थांबता येत नाही. म्हणून पहिल्या ओळीत तेच लिही जे तुला खरंच हवं आहे. मागच्या वर्षांचे कटऑफ सीईटी सेल देतो, ते घेऊन बस. अमरावतीचं शासकीय अभियांत्रिकी १९६४चं आहे, स्वायत्त आहे, तिथं चुरस असते. तरी वर लिहायला काय हरकत? शाखा बदलायची मुभा आहे, इलेक्ट्रिकलमधून कॉम्प्युटरला जाता येतं. सगळे जातात म्हणून जाऊ नकोस. नवी शाखा अन् नवं गणित एकाच वेळी आलं की पाठ मोडते.

दाखल्यांचं आजच बघ, निकालाची वाट पाहू नकोस. जात वैधता काढली आहे का? आतापर्यंत कोणी मागितली नसेल म्हणून राहिली असेल, तर यवतमाळच्या पडताळणी समितीकडं या आठवड्यात अर्ज जाऊ दे. पावतीवर तात्पुरता प्रवेश मिळतो, असं कोणी सांगेल. ती सवलत दर वर्षी मिळेलच असं नाही. नॉन क्रिमीलेअर पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत वैध असलेलं लागतं. जुनं असेल तर सेतूत जाऊन नवं काढ. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका, टीसी. अन् तुझ्या बँक खात्याला आधार जोडलेलं आहे का ते बघ, नाही तर मंजूर झालेले पैसेही येत नाहीत. मुख्य म्हणजे दहावीच्या गुणपत्रिकेवर, आधारवर अन् जातीच्या दाखल्यावर तुझं नाव अक्षर न् अक्षर सारखं आहे का, हे आज रात्री तिन्ही समोर ठेवून पाहा. माझ्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांच्या नावात एका कागदावर ‘राव’ होतं अन् दुसऱ्यावर नव्हतं. एका कार्यालयानं तिला त्या दोन अक्षरांसाठी पाच चकरा मारायला लावल्या अन् तोवर पहिली फेरी निघून गेली.

राहिला बाबांचा पगाराचा मुद्दा. त्यांचं चूक नाही. पऱ्हाटीच्या भावावर ज्याचं घर चालतं त्याला महिन्याच्या महिन्याला येणारा पैसा किती मोठा वाटतो, हे मी माझ्या वडिलांकडं पाहून जाणते. पण त्यांना हिशेब करून दाखव. तुझी तीनच वर्षं जातील, चार नाहीत, फी माफ आहे अन् पदवीनंतर महावितरण असो की दुसरी कुठली कंपनी, इंजिनिअरच्या जागेला अर्ज करता येईल. त्यातल्या ज्या जागांना पदवीच लागते, त्या डिप्लोमावर मिळत नाहीत. घरची अडचण खरोखरच मोठी असेल, कर्ज डोक्यावर असेल, तर एक वर्ष नोकरी करून मग जायलाही नियमाची आडकाठी नाही. मात्र त्या वर्षात गणिताची वही बंद करू नकोस. माझ्या अनुभवात ‘एक वर्ष’ म्हणून गेलेल्या मुली परत फार कमी आल्या. मुलं आली. मुली नाही आल्या, तोवर घरात लग्नाचं बोलणं सुरू झालेलं असतं. म्हणून तुला मी ‘जा’ म्हणाले, अन् ‘यंदाच जा’ म्हणते.

प्रश्न : मी गडचिरोली जिल्ह्यात आरमोरी तालुक्यात बी.एस्सी. प्रथम वर्षाला आहे. आमच्या कॉलेजात प्रयोगशाळा बरी नाही. नवीन शैक्षणिक धोरणात क्रेडिट (विषयांचे श्रेयांक) घेऊन कुठंही जाता येतं म्हणतात. दुसऱ्या वर्षाला नागपूरला बदली घेऊ का?
— एक विद्यार्थी

उत्तर : कुठंही जाता येतं हे खरं, पण वाटतं तितकं सोपं नाही. तुझी क्रेडिट अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा होतात अन् सात वर्षांपर्यंत वापरता येतात. पण बँकेत पैसे आहेत म्हणून दुकानात माल असतोच असं नाही. नागपूरच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला जागा रिकामी हवी, तुझे मेजर-मायनर, म्हणजे मुख्य अन् दुय्यम, विषय तिथल्या विषयांशी जुळायला हवेत. तुझ्या आईवडिलांच्या वेळी आरमोरीही नागपूर विद्यापीठातच होती. २०११ला गोंडवाना विद्यापीठ वेगळं झालं, त्यामुळं आता तुला स्थलांतर प्रमाणपत्र अन् तिकडची पात्रता, दोन्ही लागतील. पदवी ज्या संस्थेची घ्यायची तिथून किमान निम्मी क्रेडिट मिळवावी लागतात, तेव्हा जायचं असेल तर उशिरा जाऊनही चालत नाही.

माझं मत विचारशील तर आत्ता नको. मधल्या वर्षात विषय न जुळल्यानं अर्धं सेमिस्टर हातचं गेलेली मुलं मी पाहिली आहेत. पदवी आरमोरीलाच कर अन् एम.एस्सी.ला बाहेर पड. तेव्हा तुला संपूर्ण अभ्यासक्रम पहिल्या दिवसापासून मिळेल, मधूनच चढावं लागणार नाही. नागपूरची विज्ञान संस्था १९०६ची आहे, विद्यापीठाचे स्वतःचे विभाग आहेत. अन् एक गोष्ट तुमच्या कॉलेजात कोणी सांगितली नसेल, म्हणून ठळक सांगते : आयआयटीत एम.एस्सी. करता येतं. त्यासाठी जॅम नावाची परीक्षा असते, फेब्रुवारीत होते, तिसऱ्या वर्षात असतानाच देता येते. तिला तुझं कॉलेज कोणतं हे कोणी विचारत नाही. अर्ज आदल्या वर्षीच्या शरद ऋतूत, दसरा-दिवाळीच्या आसपास निघतात. आजपासून तुझ्या हातात दोन वर्षं आहेत. मागच्या प्रश्नपत्रिका इंटरनेटवर मोकळ्या मिळतात, एक उतरवून घे अन् पहिल्या वर्षाच्या विषयातले किती प्रश्न येतात ते बघ. प्रयोगशाळेचं म्हणशील, तर उन्हाळ्याच्या सुटीत नागपूरच्या एखाद्या विभागप्रमुखांना पत्र लिहून पंधरा दिवस नुसतं बघायला येऊ द्या म्हणून विचार. दहांना लिहिलंस तर एखादा हो म्हणेल.

प्रश्न : मुलीचा मेकॅनिकलचा डिप्लोमा होत आला. तिला पुण्यालाच जायचं आहे. मी म्हणतो शेगावला जा, गजानन महाराजांचं गाव, घराजवळ. तुम्ही काय म्हणाल?
— एक पालक, ता. मेहकर, जि. बुलडाणा

उत्तर : भाऊ, शेगावचं इंजिनिअरिंग कॉलेज १९८३पासूनचं आहे. तिथं शिकण्यात काही कमीपणा नाही. पण ‘घराजवळ’ हे कारण तुमचं आहे, तिचं नाही. तिला पुणंच का हवं ते एकदा शांतपणे विचारा. नुसतं पुणं हवं असेल तर शेगाव वर लिहायला लावा. पण एखादं ठरावीक कॉलेज, तिथली एखादी लॅब, तिथं येणाऱ्या कंपन्या असं काही ती नेमकं सांगू शकली, तर पसंतीच्या यादीत तेच वर राहू द्या अन् शेगाव त्याखाली. यादीत दोन्ही बसतात. अन् यादी तिच्या हातानं भरू द्या. फॉर्म भरणाऱ्या कॅफेवाल्याच्या हातानं नको, क्रम एकदा पक्का केला की त्या फेरीत बदलता येत नाही.

पुण्याला गेली तर हॉस्टेलचा अर्ज प्रवेशाच्या अर्जात येत नाही, तो कॉलेजात वेगळा द्यावा लागतो. डायरेक्टवाली मुलं उशिरा पोचतात तेव्हा खोल्या भरून गेलेल्या असतात. जागा मिळाल्याचं कळलं की दुसऱ्या दिवशी सकाळचीच गाडी धरा, अन् तुम्ही स्वतः सोबत जा.